कुणाची उलाढाल, हे विचारलंत का?

ताई, नमस्कार.

माझं वय ४७. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दुकान चालतं, पण आता त्यात वाढ नाही. माझे साडू सांगलीत हळदीच्या व्यापारात आहेत. त्यांचं म्हणणं, सीझनला माल घ्यायचा, कोल्ड स्टोरेजला टाकायचा आणि दर चढला की दिवाळीच्या पुढेमागे काढायचा. दोघांनी मिळून तीस लाखांचा माल घ्यायचं ठरतंय. माझ्या हिश्शाच्या पंधरापैकी सहा लाख शिल्लक आहेत. नऊ लाख घर तारण ठेवून पतसंस्थेतून काढणार, थोरले बंधू जामीन राहतील. दादांची सही अजून झालेली नाही. सौ. नको म्हणते. ज्योतिषांना पत्रिका दाखवली, ते म्हणाले, "या वर्षी तुमच्या हातून मोठी उलाढाल होणार." पुष्कराजाची अंगठी घालायला सांगितली, ती केली. आता मनात येतं, नशिबात असेल तर होईलच आणि नसेल तर कितीही जपून वागलं तरी जायचं ते जाणार. मग भ्यायचं कशाला? तुम्ही सदरात ग्रीकांच्या गोष्टी सांगता. नशिबाबद्दल त्यांचं काय म्हणणं?

— एक वाचक, जि. सांगली

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी 'उलाढाल' या शब्दाशी अडले. ज्योतिषीबुवांनी शब्द मोठा बेरकी निवडलाय. उलाढाल होणार म्हणजे पैसा हलणार. तो कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जाणार, हे त्या शब्दात कुठेच नाही. तुम्हाला दहा लाख सुटले तरी भविष्य खरं, आणि पतसंस्थेनं तुमचं घर लिलावात काढलं तरी भविष्य खरंच. तुम्ही मात्र तो शब्द ऐकला आणि थेट नफ्याच्या रकान्यात लिहून टाकलात.

तुमची ही चूक अडीच हजार वर्षांपूर्वी एका राजानं केली होती. त्याचं नाव क्रीसस. तो लिडियाचा राजा, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातला, राजधानी सार्डिस. इतका श्रीमंत की युरोपातल्या भाषांत आजही गडगंज माणसाला त्याची उपमा देतात. शेजारी इराणचा सायरस वाढत चालला होता आणि क्रीससला वाटत होतं, आताच त्याला ठेचावं. पण माणूस सावध. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की त्यानं आधी देवळांचीच परीक्षा घेतली. ठिकठिकाणच्या दैवज्ञांकडे दूत धाडले आणि शंभराव्या दिवशी एकाच वेळी सगळ्यांना विचारायला लावलं, "आमचा राजा आत्ता काय करतोय?" क्रीसस त्या वेळी पितळी झाकणाच्या पितळी हंड्यात कासव आणि कोकरू एकत्र शिजवत होता. हे कोण ओळखणार? ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळातल्या पुजारणीनं ओळखलं.

मग काय, भक्तीला पूर आला. सोन्याच्या ११७ विटा डेल्फीला गेल्या, शिवाय सोन्याचा सिंह. आणि मग खरा प्रश्न गेला: इराणवर चालून जाऊ का? उत्तर आलं, गेलास तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल.

क्रीसस इतका खूश झाला की डेल्फीतल्या दर माणसामागे त्यानं दोन सुवर्णनाणी वाटली. हॅलिस नदी ओलांडली, एक लढाई बरोबरीत सुटली, आणि हिवाळा आला म्हणून भाडोत्री सैन्याला घरी पाठवून तो सार्डिसला परतला. हिवाळ्यात कोण लढतं? सायरसनं तसं मानलं नाही. तो मागोमाग आला आणि वेढ्याच्या चौदाव्या दिवशी सार्डिस पडलं. इसवी सनापूर्वी ५४६ च्या सुमाराची ही गोष्ट. साम्राज्य नष्ट झालं खरं, पण ते क्रीससचं स्वतःचं.

पुढचा भाग तुमच्यासाठी. कैद झालेल्या क्रीससनं आपल्या बेड्या डेल्फीला पाठवल्या आणि विचारलं, उपकार करणाऱ्याला असं फसवायची ग्रीक देवांची रीत आहे काय? पुजारणीचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग नशिबाचा: जे नेमलेलं आहे ते देवालाही टळत नाही, डेल्फीचा देव अपोलो, त्यानं खटपट करून तुझा ऱ्हास तीन वर्षं पुढे ढकलला, तेवढंच त्याच्या हातात होतं. दुसरा भाग क्रीससच्या वागण्याचा: साम्राज्य कुणाचं, तुझं की सायरसचं, हे तू पुन्हा माणूस पाठवून विचारायला हवं होतंस. विचारलं नाहीस, तेव्हा दोष तुझा. हिरोडोटस म्हणतो, क्रीससलाही ते पटलं.

कासवाच्या हंड्याची परीक्षा घेण्याइतका हुशार माणूस एक साधा प्रश्न विचारायचा राहिला. का राहिला? मला वाटतं, त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. हवं ते उत्तर मिळाल्यावर आपण उलटतपासणी करत नाही. नको ते मिळालं की दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

याच गोष्टीत सँडॅनिस नावाचा एक लिडियन माणूस आहे. शहाणा म्हणून गावात नाव होतं, बाकी त्याच्याविषयी काही नाही. एकदा बोलतो आणि गोष्टीतून निघून जातो. क्रीससनं तयारी चालवली तेव्हा तो म्हणाला: महाराज, ज्यांच्यावर तुम्ही चालून जाताय ते लोक कातडी विजारी घालतात. हवं ते खात नाहीत, मिळेल ते खातात. दारू नाही, पाणी पितात. खायला अंजीरसुद्धा नाहीत त्यांच्याकडे. जिंकलात तर त्यांच्याकडून घेणार काय? त्यांच्याकडे काहीच नाही. हरलात तर काय काय गमवाल, ते मोजा.

सगळ्या हिरोडोटसमध्ये मला हे बोलणं सर्वांत आवडतं. सँडॅनिसनं भविष्य सांगितलं नाही. जिंकाल की हराल, हा विषयच त्यानं काढला नाही. त्यानं फक्त तराजूची दोन पारडी दाखवली.

आता तुमची पारडी. दर चढला तर काय मिळेल? साडूंचा अंदाज मोठा असेलच, पण त्यातून कोल्ड स्टोरेजचं भाडं, विमा, हमाली, तोलाई आणि अडत वजा करा. उरेल त्याला दोनानं भागा, कारण निम्मा साडूंचा. मग तुमच्या निम्म्यातून नऊ लाखांवरचं सहा-आठ महिन्यांचं व्याज वजा करा. व्याजाचा दर तुम्ही लिहिलेला नाही, म्हणजे तो तुम्ही अजून नीट पाहिलेला नाही असं मी धरते. आता दुसरं पारडं: सहा लाखांची शिल्लक, राहतं घर, आणि दादांशी असलेलं नातं. दर दिवाळीपर्यंत नाहीच चढला तर हप्ता थांबणार नाही. आणि गोदामात पाणी शिरण्याविषयी सांगलीकराला मी काय सांगू. २००५ आणि २०१९ तुम्हीच पाहिलंत. जिंकलात तर जरा बरी दिवाळी, हरलात तर उंबरठा. सौ. नको म्हणतात ते याच हिशेबानं म्हणत असाव्यात. त्यांना एकदा सविस्तर विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

नशिबाचं म्हणाल, तर ग्रीकांचं त्यावर एकमत नाही. नशिबाला त्यांच्याकडे 'मोइरा' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे वाटा, हिस्सा. आपणही 'माझ्या वाट्याला आलं' म्हणतो, तेच. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या सुरुवातीलाच देवांचा राजा झ्यूस वैतागून म्हणतो की ही माणसं ऊठसूट आम्हाला दोष देतात, पण वाट्याला होतं त्याहून जास्त दुःख स्वतःच्या आडमुठेपणानं ओढवून घेतात. म्हणजे वाटा ठरलेला असला तरी त्यात आपल्या हातानं भर घालता येते. वाईट भर.

तुमचं वाक्य, "असेल तर होईलच, नसेल तर काही केलं तरी नाही", ग्रीकांना चांगलं ठाऊक होतं. त्याला त्यांनी नावच ठेवलं होतं: आळशी युक्तिवाद. आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात, तेच तर्काच्या भाषेत. आजारी माणूस म्हणतो, बरं व्हायचं नशिबात असेल तर डॉक्टर बोलावला काय, न बोलावला काय, बरा होईनच. यावर स्टोइक पंथातल्या क्रिसिपस नावाच्या तत्त्वज्ञाचं उत्तर आहे. हा स्वतः पक्का नशीबवादी. तो म्हणे, बरं होणं नेमलेलं असेल तर डॉक्टर बोलावणंही त्यासोबतच नेमलेलं असतं. दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेली. मधली पायरी काढून घेऊन शेवटची जागेवर राहील, असं धरून चालू नका.

त्याच्या आधीचा, हा पंथ स्थापणारा झेनो, त्याची गोष्ट तर फारच थोडक्यात आहे. त्याचा गुलाम चोरी करताना सापडला. झेनो त्याला मारू लागला तेव्हा तो म्हणाला, "चोरी करणं माझ्या नशिबातच होतं." झेनो म्हणाला, "आणि मार खाणंही." गुलामाला मारणं आज आपल्याला रुचणार नाही, पण जबाब बिनतोड आहे. 'नशिबात असेल तर होईल' म्हणत सही करणाऱ्यानं वसुली अधिकारी दारात आला तर त्यालाही नशीबच समजून चहा पाजायची तयारी ठेवावी.

मग धोका पत्करायचाच नाही का? असं मी म्हणत नाही, ग्रीकही म्हणत नव्हते. समुद्रावर पोट असलेली माणसं ती. मिलेटसच्या थेलीसची गोष्ट ॲरिस्टॉटलनं सांगितली आहे. लोक थेलीसला चिडवत, एवढं तत्त्वज्ञान शिकून कफल्लकच राहिलास. त्याला तारे बघून हिवाळ्यातच कळलं की येत्या हंगामात ऑलिव्ह भरपूर येणार. जवळ थोडेच पैसे होते. ते घेऊन त्यानं मिलेटस आणि किऑसमधल्या तेलाच्या सगळ्या घाण्यांना विसार दिला. हिवाळ्यात घाणे कुणाला हवेत? स्वस्तात मिळाले. हंगाम आला, सगळ्यांना एकदम घाणे हवे झाले, आणि त्यानं म्हणेल त्या भावानं ते भाड्यानं दिले.

ही गोष्ट व्यापाराच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला त्यातला विसार महत्त्वाचा वाटतो. थेलीसनं घाणे विकत घेतले नाहीत, घर गहाण टाकलं नाही. अंदाज चुकला असता तर विसार बुडाला असता, एवढंच. किती जाऊ शकतं, हे त्याला पहिल्या दिवशी माहीत होतं. आणि अंदाज त्याचा स्वतःचा होता, त्याच्या स्वतःच्या विद्येतला. तुमच्या व्यवहारात हळद कळते ती साडूंना. तुम्हाला मोटरी कळतात. कुठल्या शिवारात उन्हाळ्यात धडाधड मोटरी जळणार, तांब्याची तार कधी भरून ठेवावी, हे तुम्हाला बावीस वर्षांच्या अनुभवानं कळत असणार. दुकानात वाढ नाही म्हणता, ते तुम्ही या नजरेनं तपासलंत का?

हळद करायचीच असेल तर सहापैकी दोन लाखांनी करा. एक हंगाम. घर बाजूला, दादा बाजूला. हेसिअड नावाचा शेतकरी कवी होता, साधारण २७०० वर्षांपूर्वीचा, समुद्राला जाम घाबरणारा. स्वतःच सांगतो की उभ्या आयुष्यात एकदाच, तेही समोरच्या बेटापर्यंत, जहाजानं गेलो. तो भावाला बजावतो: सगळी मालमत्ता जहाजात भरू नकोस. जास्त घरी ठेव, थोडी भर. हा भाऊ पर्सेस. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीवरून त्याच्याशी हेसिअडचं भांडण झालं होतं आणि सगळं काव्य त्याला उद्देशून आहे. भाऊबंदकीतून निघालेलं इतकं जुनं काव्य दुसरं असेल असं वाटत नाही. त्यातच एक ओळ आहे: भावाशी व्यवहार करतानाही हसत हसत साक्षीदार ठेव. हसत हसत, हं. साडूंशी कागद करताना तोंड पाडायची गरज नाही.

आता दादांच्या सहीचं. डेल्फीच्या देवळावर तीन वचनं कोरलेली होती. 'स्वतःला ओळख' आणि 'अति नको' ही दोन सगळ्यांना माहीत आहेत, भिंतीवरच्या कॅलेंडरवरही सापडतील. तिसरं कुणी सांगत नाही. ते असं: जामीन राहा, अरिष्ट शेजारीच उभं. एवढ्या मोठ्या देवस्थानाच्या दारात, आत्मज्ञानाच्या रांगेत जामीनकीचा इशारा! त्या लोकांचे हात चांगलेच पोळलेले असणार.

आमच्या घरचे पोळलेले आहेत. माझे वडील शिक्षक. सहकाऱ्याच्या कर्जाला त्यांनी सही केली, चहाच्या टेबलावर, मजकूर न वाचता. ते गृहस्थ हप्ते चुकवू लागले आणि कपात वडिलांच्या पगारातून सुरू झाली. चार वर्षं. आई त्या काळात एकदाही त्यांना बोलली नाही, पण गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा तिनं ती न उघडता पाटाखाली सारली. पैसे फिटले, दोन घरांचं बोलणं परत सुरू झालं नाही. म्हणून सांगते, दादांनी सही केली तर ते तुमच्या हळदीत भागीदार होतात, फक्त तोट्यापुरते. नफ्यात त्यांचं नाव कुठेच नाही. हा सौदा तुम्ही परक्या माणसापुढे ठेवला असता का?

अथेन्सच्या व्यापारात याहून बरी सोय होती, ती सांगायचा मोह आवरत नाही. जहाजावरच्या मालावर कर्ज मिळे. अथेन्सचा वक्ता डिमॉस्थेनिस, त्याच्या नावावरच्या कोर्टातल्या एका भाषणात असा करारच्या करार वाचायला मिळतो: मेंडे गावची दारू काळ्या समुद्राकडे न्यायची, हजाराला २२५ व्याज, परतायला उशीर करून शरद ऋतूतल्या वादळात निघालात तर हजाराला ३००. व्याज जबर, पण जहाज बुडालं तर कर्जही बुडालं. समुद्राचा धोका सावकाराच्या माथी. तुमच्या पतसंस्थेच्या कागदात असं कलम नसणार. तुमची हळद बुडेल, हप्ता पोहत पोहत घरी येईल.

(त्या भाषणातला खटला कशावरून? कर्ज घेणाऱ्याच्या भावानं 'मी आहे ना, काळजी नको' असं तोंडी आश्वासन दिलं होतं आणि पुढे हात वर केले. माणसं बदलत नाहीत.)

एपिक्टेटस जन्मानं गुलाम होता, पुढे मोठा गुरू झाला. तो फाशांची उपमा देतो: फाशांना महत्त्व नाही, सोंगट्यांनाही नाही, दान काय पडेल मला माहीत नाही, पडलेलं दान नीट खेळणं एवढं माझं काम. तुम्ही अजून खेळायला बसलेले नाहीत, ही तुमची केवढी मोठी सोय आहे पाहा. पटावर काय मांडायचं हे अजून तुमच्या हातात आहे.

राहिली अंगठी. सॅमॉस बेटाचा राजा पॉलिक्रॅटिस, त्याच्याही गोष्टीत अंगठी आहे, पाचूची. त्याला सगळ्यातच यश येई, म्हणून इजिप्तच्या राजानं मित्र या नात्यानं लिहिलं: इतकं नशीब बरं नव्हे, सर्वांत लाडकी वस्तू फेकून दे. त्यानं अंगठी समुद्रात टाकली. पाच-सहा दिवसांनी कोळ्यानं भला मोठा मासा नजर केला आणि त्याच्या पोटात अंगठी निघाली! इजिप्तच्या राजानं मैत्री तोडली. या माणसाचा शेवट बरा नाही, आणि तेव्हा आपल्याला रडायला नको, म्हणून.

इथपर्यंतची गोष्ट लोकांना ठाऊक असते. पॉलिक्रॅटिस बुडाला तो मात्र अंगठीपायी नाही. सार्डिसच्या इराणी सुभेदारानं त्याला निरोप धाडला: माझ्याकडे ये, माझ्या सोन्यातला काही वाटा तुझा. पॉलिक्रॅटिसनं खात्री करायला आपला चिटणीस पाठवला. सुभेदारानं आठ पेट्या काठोकाठ दगडांनी भरल्या, वर सोन्याचा एक थर दिला आणि त्याला दाखवल्या. चिटणिसानं वरूनच पाहिलं. मुलीला वाईट स्वप्न पडलं होतं, ती जाऊ नका म्हणून विनवत राहिली. तो गेला आणि मारला गेला.

तेव्हा पुष्कराज बोटात राहू दे, त्याचं काही म्हणणं नाही. दोन लाखांची का होईना, हळद घ्यायला जाल तेव्हा स्वतः जा आणि पोत्यात तळापर्यंत हात घाला. आणि कोल्ड स्टोरेजची पावती कुणाच्या नावावर निघणार, तेवढं आज रात्रीच साडूंना फोन करून विचारा.